शांतता राखा, रेकॉर्डिंग चालू आहे

वाचनालयात नोकरी केली म्हटलं की लोक लगेच विचारतात, "मग भरपूर वाचलं असेल तुम्ही?" वाचलं हो, नाही असं नाही. पण खरं सांगू का, वाचण्यापेक्षा लोकांना गप्प बसवण्याचंच काम मी जास्त केलं. शुक्रवार पेठेतल्या आमच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागं मी तीसेक वर्षं बसलो. डोक्यावर पाटी होती, 'शांतता राखा'. पाटीकडं कुणी ढुंकून बघायचं नाही, म्हणून मी. दोन म्हातारे एका वर्तमानपत्रावरून हातघाईवर आले की मी 'शूऽऽ' करायचो. कॉलेजची पोरं खिदळली की 'शूऽऽ'. एकदा आमचे अध्यक्षच मोबाइलवर मोठमोठ्यानं बोलत आत आले, तर सवयीनं त्यांनाही 'शूऽऽ' केलं आणि मग संध्याकाळपर्यंत नोकरीची काळजी करत बसलो. सभासद माझ्यामागं मला 'शूकाका' म्हणायचे. हळूच म्हणायचे, कारण मोठ्यानं बोलायची सोयच नव्हती.

बाहेरच्यांना वाटतं, ह्यात काय अवघड आहे? पुस्तक घ्यायचं, पुस्तक द्यायचं. बसा एकदा टेबलामागं, मग कळेल. सभासद यायचे, चिठ्ठी लिहायचे, मी आत कपाटातून पुस्तक आणायचो, कार्डावर नोंद करायची, शेवटच्या पानावर तारखेचा शिक्का मारायचा. हे सोपं. पण निम्म्या लोकांना पुस्तकाचं नाव आठवत नसतं. एक वहिनी यायच्या. टेबलावर वाकून कुजबुजायच्या, "ते निळ्या कव्हरचं द्या हो, ज्यात बाई विहिरीत उडी मारते." मीही कुजबुजत विचारायचो, "तशी तीन आहेत. बाई वाचते की जाते?"

असा जन्म कुजबुजण्यात गेल्यावर दुसरं काय होणार? माझा आवाज बसला तो बसलाच. मंडईत मी भाव विचारला तर भाजीवाली दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं बघायची. आमची सुमन मोडनिंबच्या शेतकऱ्याची लेक. तिचा आवाज ह्या बांधावरून त्या बांधाला पोचणारा. लग्न झाल्यापासून तिचं एकच गाऱ्हाणं, "अवो, तोंडात गूळ धरलाय व्हय? मोठ्यानं बोला की!"

नोकरीची शेवटची काही वर्षं राहिली आणि वाचनालयात कॉम्प्युटर आला. पाठोपाठ पुस्तकांना बारकोड आले आणि मग अ‍ॅप आलं. आता सभासदांनी घरबसल्या मोबाइलवर पुस्तक शोधायचं, राखून ठेवायचं, मुदत वाढवायची. कार्यकारिणीनं ठराव केला की प्रत्येक कर्मचाऱ्यानं हे शिकलंच पाहिजे. मी म्हटलं, शिकू की. शिक्का मारायला शिकलो, तसं हेही शिकू.

शिक्का मारणं सोपं होतं, हे मला त्या आठवड्यात कळलं.

आमच्या समोरच रफीकभाईंचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. ग्रंथपाल मॅडमना दर पाच मिनिटाला विचारायची लाज वाटायची, म्हणून मी रस्ता ओलांडून रफीकभाईंकडं जायचो. पहिल्या दिवशी ते माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, "काका, मोबाइल कायकू चाट रहे?" मग माझ्या ध्यानात आलं. पान उलटायच्या सवयीनं मी दर वेळी अंगठा जिभेला लावून स्क्रीनवर फिरवत होतो. ती सवय आजही गेलेली नाही. रफीकभाईंनी शेवटी माझ्यासाठी एक फडकं वेगळं ठेवलं आणि म्हणाले, "तुमारा मोबाइल नै, तुमारा अंगठा रिपेरी को देना पडता."

सभासदांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप माझ्याकडं आला, तेव्हाची गंमत सांगतो. सकाळी फोन उघडला तर फुलं, सूर्य, कपबशा, सुविचार यांचा नुसता पाऊस. माझ्यातला शूकाका जागा झाला. मी चाचपडत टाइप केलं, 'शांतता राखा', आणि पाठवून दिलं. ग्रुप एकदम चिडीचूप झाला. चार दिवस कुणाचं एक अक्षर नाही. पाचव्या दिवशी मॅडमनी विचारलं, "काका, ग्रुपवर कुणी वारलं का?"

तर अशी माझी विद्या. ती घेऊन मी ज्या भानगडीत पडलो, ती आता सांगतो.

आमच्याकडं अंबक्का नावाच्या एक सभासद होत्या. वयानं माझ्यापेक्षा मोठ्या. शहराच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या घरातल्या. घरात तेलुगू, पण मराठी वाचन दांडगं. दर शनिवारी यायच्या, पुस्तक संपलं नसेल तर मुदत वाढवून न्यायच्या, संपलं की सगळ्यात जाड कादंबरी मागायच्या. मी एकदा विचारलं, "अक्का, जाडच का?" तर म्हणाल्या, "पातळ आम्हाला पुरत नाय ओ दादा. आम्ही सातजणी हाव."

हे सातजणींचं प्रकरण मला पुढं समजलं. अक्का आणि शेजारच्या बायका दुपारी एका खोलीत बसून विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. त्या खोलीचा एक रिवाज होता. एकीनं वाचायचं आणि बाकीच्यांनी वळायचं. वाचणारीचं सूप रिकामं राहू नये म्हणून प्रत्येकीनं आपल्यातल्या थोड्या विड्या तिच्या सुपात टाकायच्या. वाचणारी म्हणजे अंबक्का. दुसरी कुणी नाहीच. शेजारी भिंतीपलीकडं यंत्रमागांचा खडखडाट, त्याच्यावर आवाज चढवून अक्का मराठी वाचायच्या आणि अडेल तिथं तेलुगूत समजावून सांगायच्या. त्या थांबल्या की सगळ्या एका सुरात विचारायच्या, "तर्वाता?" म्हणजे पुढं?

एके दिवशी अक्कांऐवजी त्यांची शेजारीण लक्ष्मी आली. टेबलावर अक्कांचं कार्ड ठेवलं, सोबत जाड कादंबरी. अर्ध्यावर खुणेसाठी विडीचं पान घातलेलं. म्हणाली, "अक्कानं सांगितलंय, कार्ड बंद करा. तिला दिसत नाय आता."

मी कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं, पण बंद केलं नाही. वाचून संपलेलं पुस्तक परत घ्यायला मला काही वाटत नाही. अर्धवट पुस्तक मात्र मला परत घेववत नाही. संध्याकाळी सुट्टी झाल्यावर मी पत्ता विचारत अक्कांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत सभासदाच्या घरी जायची माझी ती पहिलीच वेळ.

अक्का भिंतीला टेकून विड्या वळत होत्या. न बघता. हातांना सगळं पाठ होतं. म्हणाल्या, "कडेचं दिसतं दादा, मधलं दिसत नाय. तुमचा कान दिसतो, तोंड नाय. पुस्तक धरलं की अक्षरं कुठं जातात कोण जाणे. डाक्टर म्हणतात, आता एवढंच." मी म्हटलं, "मग दुसरी कुणी वाचेल." अक्का म्हणाल्या, "कुणाला येतंय? आता ज्याच्या त्याच्या कानात वायर. समोर बसून कुणी कुणाशी बोलत नाय." मग म्हणाल्या, "एवढी वर्षं मी ह्या खोलीची वाचणारी होते. आता नुसती वळणारी झाले."

हे वाक्य मला घरी येईपर्यंत सोडेना. सुमनला सांगितलं तर ती म्हणाली, "मग तुमचं ते आप का काय, ते काय कामाचं?" बरोबर होतं तिचं.

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, पानाचा फोटो काढला की फोनच मोठ्यानं वाचून दाखवतो, असं अ‍ॅप आहे." मी हुरळलो. रफीकभाईंकडून ते फोनमध्ये घालून घेतलं, अर्ध्या पुस्तकापासून पुढच्या पानांचे फोटो काढले आणि अक्कांच्या खोलीत जाऊन ऐटीत सुरू केलं. फोनमधली बाई वाचायला लागली. शब्द सगळे बरोबर, पण जीव नाही. तरी बायका ऐकत होत्या. कादंबरीतली पोरगी आईचा निरोप घेते, असा प्रसंग. आई उंबऱ्यात उभी, दोघी रडताहेत, आणि तेवढ्यात फोनमधली बाई त्याच सुरात म्हणाली, "पृष्ठ दोनशे एक. सार्वजनिक वाचनालय. पाने फाडू नयेत."

झालं असं की प्रत्येक वाचनालयाचं एक गुप्त पान असतं. पुस्तक चोरीला गेलं आणि चोरानं पहिलं पान फाडलं, तरी ओळख पटावी म्हणून आतल्या एका ठरलेल्या पानावर शिक्का मारून ठेवतात. आमचं गुप्त पान नेमकं त्या निरोपावर आलं होतं, आणि शिक्का मारणारा मीच. सगळ्या बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. अक्काही हसल्या. मग म्हणाल्या, "दादा, ही बाई गोष्ट सांगते का रेशनचं बोलते?"

म्हटलं, जळलं ते मशिन. आपणच वाचू. अंधांसाठी असं वाचून द्यायला कॉपीराइटचा कायदा आड येत नाही, हे मॅडमनी बघून सांगितलं. दुपारच्या सुट्टीत मी आतल्या कपाटांच्या खोलीत जायचो, दार लावायचो आणि फोनमध्ये वाचायचो. अगदी जीव ओतून वाचायचो. निरोपाच्या प्रसंगाला तर माझेच डोळे भरून आले. मग ते अक्कांच्या फोनवर पाठवायचो.

आठवडाभर अक्कांचा काही निरोप नाही. शेवटी मीच लक्ष्मीला फोन केला. ती म्हणाली, "चांगलं हाय की. पण ऐकू काय येत नाय ओ. नुसतं फुसफुस येतंय. आम्हाला वाटलं, तुमच्या फोनला सर्दी झाली."

मी तडक रफीकभाईंच्या दुकानात. "ह्याचा माइक गेलाय." त्यांनी फोन घेतला, चार शब्द बोलले, पुन्हा ऐकवले. सगळा रस्ता वळून बघायला लागला, एवढा मोठा आवाज. मग त्यांनी माझं रेकॉर्डिंग लावलं, फोन कानाशी नेला, डोळे बारीक केले. म्हणाले, "काका, ये क्या कर रहे तुमे? किसकी चुगली कर रहे?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पुस्तक हातात आलं, भोवती कपाटं आली, की माझा आवाज आपोआप खाली जात होता. पूर्ण अडीच प्रकरणं मी कुजबुजत वाचली होती, आणि माझं मलाच कळलं नव्हतं! रफीकभाई म्हणाले, "जोर से बोलो. हौ, बोलो ना, कायकू डर रहे?" मी पुस्तक उघडलं, घसा खाकरला आणि जोर लावला. तरी फुसफुसच आली. मला हसू यावं की रडू, समजेना.

मग हे काम सुमननं अंगावर घेतलं. पुस्तक देऊन मला गच्चीच्या एका टोकाला उभं केलं, स्वतः दुसऱ्या टोकाला गेली आणि ओरडली, "आसं समजा, मी हिरीवर हाय, आन् तुमी बांधावर. ही मोटार बंद करायला सांगा मला!" मी म्हटलं, "मोटार बंद कर." ती म्हणाली, "पाणी चाललं की वाहून! पाटात गेलं! आता?" मी जरा मोठ्यानं म्हटलं. "पिकात शिरलं!" अशी ती पाणी वाहवत गेली आणि मी ओरडत गेलो. रोज संध्याकाळी हा तमाशा. हळूहळू मी मोटार सोडून कादंबरीवर आलो. एका सकाळी खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी जिन्यात अडवून विचारलं, "त्या पोरीचं पुढं काय झालं हो? काल तुम्ही भलत्या ठिकाणी थांबलात." तेव्हा पटलं, आवाज सुटला.

सगळं पुन्हा रेकॉर्ड केलं, ह्या वेळी गच्चीवर, दणदणीत. स्वतः घेऊन गेलो. खोलीत फोन मधे ठेवला, आवाज पूर्ण वाढवला. पलीकडं माग खडखडत होते, तरी शब्दन् शब्द कळत होता. बायकांचे हात चालू आणि कान फोनकडं. प्रकरण संपलं तशा सगळ्या फोनकडं बघत म्हणाल्या, "तर्वाता?" माझी छाती फुगली. काय सांगू, नोकरीत मला कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, त्या मला तिथं ऐकू आल्या.

अक्का मात्र खाली मान घालून वळत होत्या. त्यांच्या सुपात त्यांच्या स्वतःच्याच विड्या होत्या. कुणी काही टाकलं नव्हतं. का टाकावं? त्या वाचत कुठं होत्या?

मी निघालो तशा त्या दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "दादा, लई कष्ट घेतले तुम्ही. पण ते कार्ड बंदच करा."

"का? आता ऐकू येतंय की!"

"येतंय म्हणूनच. आता मी कशाला?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. "लक्ष्मीचा नवरा गेला ना, त्या महिन्यात पुस्तकातपण एक नवरा मरत होता. मी ते पान गाळलं. त्याला मुंबईला पाठवला कामाला. दोन महिन्यांनी लक्ष्मी हसायला लागली, मग त्याला मारला. तुमचा फोन असं गाळतो का?"

गप्प बसवायचं काम केलेल्या माणसाला असं गप्प कुणी केलं नव्हतं. माझ्या हातातून एवढी पुस्तकं गेली, पण एकाही वाचकानं त्याचं पुढं काय केलं, हे मला कधी सांगितलं नाही. कसं सांगणार? तोंड उघडलं की माझं बोट ओठांवर. त्या दारात उभं राहून मला पहिल्यांदा त्याची हळहळ वाटली.

मी तसाच वळलो, तर अक्का मागून म्हणाल्या, "ते पहिलं होतं ना, हळू आवाजातलं? ते अजून हाय का?"

"ते कशाला? ते फुकट गेलं."

"माग बंद होते त्या दिवशी मी फोन कानाला लावून ऐकलं. सगळं नीट आलं. दुसऱ्या कुणाला नाय, मला एकटीलाच." त्यांच्या मनात काहीतरी जुळत होतं. "तुम्ही जोरात वाचता तेव्हा सगळं तुम्हीच वाचून टाकता, मला काय उरत नाय. तसलं हळू द्या. एक वाक्य म्हणायचं, थांबायचं. मग मी म्हणते मोठ्यानं. जमेल का?"

जमेल का म्हणजे! अहो, मला दुसरं काय जमतं?

घरी येऊन सुमनला सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. "एवढी हिरीची मोटार चालवली मी, आन् आता परत गूळ?" पण दुसऱ्या दिवशी मी वाचायला बसलो तर तिनं कुकरसुद्धा लावला नाही, शिट्टी होईल म्हणून. रफीकभाईंनी एका कानात घट्ट बसेल असा इअरफोन शोधून दिला आणि वर ताकीद दिली, "इसको मत चाटो."

वाक्य म्हणायचं, मनातल्या मनात अक्कांना ते बोलायला वेळ द्यायचा, मग पुढचं. सुरुवातीला माझी घाई व्हायची. मग अंदाज आला. अक्कांचा पहिला प्रयोग मी पाहिला नाही, मी टेबलावर होतो. पण त्या शनिवारी लक्ष्मी आली आणि म्हणाली, "अक्कानं सांगितलंय, ते कार्ड चालू करा. आन् ह्याच्या पुढचं जाड काय हाय ते काढून ठेवा." मी ड्रॉवर उघडून तिला कार्ड दाखवलं. बंद केलंच नव्हतं, फक्त मुदत संपली होती. मग अ‍ॅप उघडून, अंगठा जिभेला लावून, कुणालाही न विचारता मी मुदत वाढवली. मॅडम लांबून बघत होत्या. गालात हसल्या.

आता मी निवृत्त झालो. वाचनालय माझ्यावाचून उत्तम चाललंय. रेकॉर्डिंग मात्र घरून चालू आहे, आमची तिसरी कादंबरी झाली. परवा पूर्व भागात काम होतं, तर म्हटलं अक्कांना भेटावं. गल्लीत शिरलो, माग खडखडत होते. सुमनच्या शिकवणीनं आता माझा आवाज चांगलाच तयार झालाय. दारातूनच दणकून हाक मारली, "अक्काऽ! हाय का घरात?"

आत अक्का बसल्या होत्या. मांडीवर कुठलंतरी पुस्तक नुसतंच उघडं, एका कानातून वायर लोंबती. मी कुजबुजलेलं वाक्य त्या मागांवर आवाज चढवून म्हणत होत्या, आणि मधेच माझ्या पुस्तकात नसलेलं काहीतरी तेलुगूत घालत होत्या. शेजारी त्यांचं सूप विड्यांनी शिगोशीग भरलेलं. माझी हाक ऐकून त्या थांबल्या. खोलीतल्या सगळ्या बायकांनी एकदम माझ्याकडं बघितलं, सगळ्यांची बोटं ओठांवर गेली आणि सगळ्या मिळून म्हणाल्या, "शूऽऽ!"

मी चपला काढल्या आणि आवाज न करता उंबऱ्याशी बसलो.